चैताच्या गारांत तडकलेला तवा

मी तवा बोलतोय. बिडाचा, काळा, कडेपासून मध्यापर्यंत तडकलेला. येणारा-जाणारा विचारतो, कसा काय बा तडकला? म्हणून सांगतो.

वितळलेल्या लोखंडातून जन्मलो, तेव्हा वाटलं, यापुढं कसला ताप! मग तुळसाबाईनं महागावच्या बाजारातून मला फुलसावंगीला आणलं आणि इथला उन्हाळा दाखवला. बापा रे! चूल विझली तरी मी निवत नसे. अन् पूस महिन्यात सकाळी मला हात लावला, की तुळसा म्हातारी बोटं काखेत खुपसायची.

या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा तिच्या लेकानं, भीमराजनं, देव्हारा रिकामा केला. पण एक जुनी रीत म्हातारीच्या मनात तशीच राहिली: गारा आल्या की चुलीवरचा तवा अंगणात पालथा फेकायचा. मग आभाळ थांबतं म्हणे.

दोन-तीन सालांनंतरचा चैत होता. दुपारी अंगाची लाही लाही. भीमराज माळावरच्या वावरात गव्हाच्या पेंढ्या बांधायला गेलता. तिथं ना झाड, ना झोपडी. सून पंचफुला माझ्यावर भाकर टाकत होती. एकाएकी अंधारलं. थंडगार वारा सुटला आणि छपराच्या कवेलूंवर धडाधड गारा आदळू लागल्या. लिंबाएवढ्या!

"बाई वं, माहा भीमा!" म्हातारीनं पदरानं मला उचललं.

"मामी, काय करून राह्यल्या? तापेल हाय तो!" पंचफुला सासूवर ओरडली.

ऐकते कोण? जाळावरून मी थेट बर्फात पडलो. चर्रर्र... अन् टण्ण! अंगातून भेग गेली. दुखलं का, तेही कळलं नाही. जाळ आणि बर्फ एवढे शेजारी राहतात?

गारा थांबल्या नाहीत.

"थांबन, आता थांबन," म्हातारी म्हणत होती. पंचफुला थांबली नाही. तोवर मी गारांत निवलो होतो. तिनं मला डोक्यावर पालथं धरलं अन् माळाकडे धूम पळाली. टण टण टण! तिच्या डोक्यावरचा मार मी खाल्ला.

भीमराज पेंढ्यांत तोंड खुपसून पडला होता, कपाळ फुटलेलं. तिनं मला त्याच्या डोक्यावर ठेवलं आणि स्वतः त्याच्यावर ओणवी झाली. आता तिच्या पाठीवर कोणीच नव्हतं. मी तिथून तिचं कण्हणं ऐकत होतो. तवा एकच, माणसं दोन.

कधीतरी आभाळ दमलं. भीमराजनं डोळे उघडले.

"तवा आणला वं? मंग भाकर कुठी हाय?"

"मेल्या!" म्हणून ती हसली, मग हुंदके देऊन रडली.

घरी म्हातारी म्हणाली, "म्या तवा फेकला म्हून वाचला."

"फेकता कायले, मामी? डोक्यावर घ्या नं."

म्हातारीनं सुनेची काळीनिळी पाठ पाहिली. चुलीवर फडकं गरम करून ती पाठ शेकत बसली.

आता माझ्यावर भाकर होत नाही, भेगेत चिकटते. मी दाराजवळच्या खुंटीला असतो. चैतात आभाळ भरलं, की म्हातारीच मला काढून सुनेच्या हाती देते.

बाबांनो, इथलं आभाळ कोणाचं ऐकत नाही. मला जरूर बाहेर न्या. पण डोक्यावर न्या. आणि आधी थोडं निवू द्या.