न उडालेलं काडतूस

बाबांचे गुडघे गेले तेव्हा ते म्हणाले होते, "रायफल रेविनची. डोंगरही तिचाच." म्हणजे लिंडिसच्या आमच्या डोंगरावर हरणं मारायला मी जायचं, मेंढ्या धाकट्या भावाने, ग्रेगरने बघायच्या. या जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, बर्फात एक मोठा नर माझ्यासमोर उभा राहिला, मी चाप ओढला, नुसतं टिक झालं. मग दुसऱ्या नरापुढेही तेच. लगेच ग्रेगरला कंठ फुटला.

"हिचा हात थरथरतो, बाबा. चाप अर्धवट ओढते."

अर्धवट चाप! माझं डोकंच फिरलं. काडतुसाच्या बुडावर आपटणारी पिन सुटली की सुटली, अर्धवट सुटत नाही. पण बाबा चुलीपाशी बसून रिकामी रायफल चालवून बघायचे आणि खट्ट असा छान आवाज यायचा. "हिला काही झालेलं नाही, पोरी," असं ते इतक्या मायेने म्हणायचे की ती हिसकावून घ्यावीशी वाटे.

ग्रेगरने माझ्या डब्यातली बाकीची काडतुसं आपल्या रायफलीतून उडवून दाखवली. "काडतूस चांगलं, रायफल चांगली. राहिलं कोण?"

मी माझं न उडालेलं काडतूस त्याच्या नाकापुढे धरलं. बुडाला पिनेने जेमतेम टोचलं होतं. त्याच्या काडतुसांना खोल खड्डे होते.

"हात थरथरला की खड्डा उथळ पडतो होय रे, शहाण्या?"

"तुझ्या हातात पडत असेल!"

वाद सोडून मी रायफलीचा बोल्ट, म्हणजे पिन नि स्प्रिंग पोटात असलेला सरकता दांडा, काढून उघडला. आतल्या स्प्रिंगवर पिवळा, चिकट थर होता. वासावरूनच कळलं: लोकरीची चरबी, मेंढ्या कातरायच्या कात्रीला लावतो ती. चुलीपाशी ती पातळ होते, थंडीत घट्ट होऊन पिनेचा जोर खाते. मी काही न पुसता बोल्ट जोडला आणि मटणाच्या फ्रीजरमध्ये टाकला. जेवणं झाल्यावर दोघांना शेडमागे मातीच्या बांधापाशी ओढत नेलं.

गारठलेला बोल्ट रायफलीत बसवून चाप ओढला. टिक. उशिरा बार झालाच तर म्हणून नळी बांधाकडेच धरून जरा थांबले, मग काडतूस काढलं. तसाच उथळ टोचा. बोल्ट पेट्रोलने धुतला, कोरडा केला, पुन्हा तितकाच गारठवून आणला. या वेळी धाडकन बार झाला आणि सगळी कुत्री भुंकायला लागली.

ग्रेगरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

"चरबी कोणी फासली?" मी ओरडले.

"मीच," बाबा म्हणाले. "गंज चढू नये म्हणून." मग खरंच खुश होऊन हसले. "डोकं आहे हं तुला! म्हणजे रायफल ठणठणीत. चल, दे ग्रेगरला."

"काय?"

"अगं, मी त्याला डोंगराचा शब्द देऊन बसलोय. आणि बाईमाणसाने हिवाळ्यात एकटं वर कशाला जायचं? बिघडली की तू दुरुस्त करून देत जा."

अंगाची लाही लाही झाली. माफीचा एक शब्द नाही, वर मिस्त्रीची नोकरी! मी बोल्ट मागे ओढला, बाहेर काढला, कोटाच्या खिशात घातला आणि रायफल ग्रेगरच्या हातात दिली.

"बोल्ट दे," तो म्हणाला.

"वर येऊन घे," म्हटलं, आणि मी डोंगराकडे चालायला लागले.