नरसिंहासाठी अर्ज

नरसिंहजयंतीला बाळकूम गावात नरसिंहाचं सोंग निघायचं, तेव्हा ठाण्याच्या कचेरीतले कारकूनसुद्धा बघायला यायचे. लाकडी मुखवटा राघोच्या घरचा, पणजोबापासूनचा. तो चढवला की मिठागरावरचा राघो उरायचाच नाही. यंदा मात्र राघो अंथरुणाला खिळला होता, आणि मुखवटा कपाळापासून नाकापर्यंत चिरला होता. कल्याणचा सुतार दुरुस्तीचे पैसे आधी मागत होता. पूर्वी सरकारातून देवाच्या खर्चाला दरसाल काही नेमणूक मिळायची, तीही बंद पडलेली. ती पुन्हा मागावी, असं राघोच्या मुलाने, सहदेवने, मनात घेतलं. आपण सोंग काढायचं आणि बापाने डोळे मिटण्याआधी ते बघायचं, एवढाच त्याला ध्यास लागला होता.

अर्ज लिहून द्यायला ठाण्याचे त्र्यंबकराव. भला माणूस, पण हातात लेखणी आली की कुठे थांबावं ते त्यांना कळत नसे.

"नुसते पैसे मागून सरकारला पाझर फुटत नाही, सहदेवा. वस्तू हातची जाते आहे असं दिसलं पाहिजे," ते म्हणाले.

मग त्यांनी लिहिलं, की असा मुखवटा उभ्या कोकणात दुसरा नाही, त्याला वाळवी लागली आहे, आणि गावात तो सांभाळणारं कुणी उरलेलं नाही. त्यांनी ते सहदेवला वाचून दाखवलं. वाळवीचं एक वेळ चाललं असतं. पण कुणी उरलेलं नाही म्हणजे काय? तो तर समोर बसला होता.

"असं लिवावंच लागतं का, रावसाहेब?"

"लागतं बाबा."

शिकल्यासवरल्या माणसापुढे किती ताणणार? सहदेवने अंगठा उठवला.

आणि सरकारला खरंच पाझर फुटला. ठाण्याचे कलेक्टरसाहेब घोड्यावर बसून जातीने आले, मुखवटा उन्हात धरून न्याहाळला, हळहळले. काही दिवसांनी हुकूम आला. त्र्यंबकरावांनी तो वाचून दाखवला. गावात सांभाळणारं कुणी नसल्याने सरकार मुखवटा मुंबईच्या अजबखान्यात ठेवून घेत आहे. तिथे त्याची दुरुस्ती होईल, काचेचं कपाट होईल, त्यासाठी रक्कम मंजूर. सोंगाला काही नाही.

"आपण उलट अर्ज करू," त्र्यंबकराव म्हणाले.

"काय लिवाल? मी हाय म्हनून?"

त्र्यंबकरावांनी उचललेली लेखणी खाली ठेवली.

शिपाई गाडी घेऊन आले आणि मुखवटा पेंढ्यात गुंडाळून घेऊन गेले. नवा करता आला असता, पण देव त्याच लाकडात होता, हे गावात कुणाला सांगावं लागत नव्हतं. सहदेवने देव विकला, असं लोक त्याच्या तोंडावर बोलले. त्याच्या हाती एक पैही आली नव्हती.

राघोने आतून गाडीचा आवाज ऐकला होता.

"कुठं नेला रं?"

"मुंबईला, बा. सरकार दुरुस्त करनार हाय."

म्हातारा केवढा खुलला. सरकारने अखेर देवाचं मनावर घेतलं म्हणाला. मग विचारात पडला.

"आनि तिथं देव अंगावर कोन घेनार?"

खरं सांगायची हीच वेळ होती. सहदेवची जीभ रेटेना.

"हाय एक मानूस."

"मग त्याला सांगून ये. आत हनवटीला लाकूड टोचतं. मऊ फडकं घे म्हनावं. नायतर दोन दिस जेवता येत नाय. जा, आताच जा. जयंती जवल आली."

बाप बघत होता, म्हणून सहदेवने मुंडासं बांधलं आणि बाहेर पडला. आगगाडीच्या ठेसनाकडे न जाता तो खाडीच्या बांधावर जाऊन बसला. दिवस कलल्यावर घरी आला.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय बोलला?"

"फडकं घेईन बोलला."

राघो समाधानाने कुशीवर वळला. सहदेव चुलीपुढे जाऊन बसला आणि बापाला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात मुंडाशाचं टोक धरून रडला.