तिसरा अर्थ

चहाच्या कपांवर विसावलेलं माघातलं कलतं ऊन, त्यात खाली मान घालून बसलेली माझी मेहुणी कुसुम आणि तिच्या काकणांचा नुकताच थांबलेला नाद. ती सुंदर शांतता मोडली ती मी.

डोंबिवलीत तेव्हा मुलगी पाहायला आलेली वडीलधारी मंडळी हटकून इंग्रजी विचारत, आणि ‘सेट’ हा त्यांचा लाडका शब्द. रीत अशी, की मुलीनं दोन अर्थ सांगावेत, तिसऱ्याला नजर जमिनीकडे वळवावी; तिसरा मुलाच्या काकांनी सांगावा, सर्वांनी कौतुकानं हसावं. सासूबाईंनी ही रीत कुसुमला शिकवली होती. जावयाला सांगायची राहिली.

“ठेवणं,” कुसुम म्हणाली. “मावळणं.” आणि थांबली. पोर विसरली! ठाण्याच्या कचेरीत इंग्रजी टिपणं लिहिणारा मी विद्वान पुढे सरसावलो, “अगं, खडा कोंदणात बसवणं!”

तिनं मान वर केली. झाकून ठेवलेल्या समईवरचं भांडं कुणी उचलावं तसा तिचा चेहरा उजळला. “दही लागणं. मोडलेलं हाड सांधणं. घड्याळ लावणं.” मग काकांकडे पाहत, अगदी मऊ आवाजात, “सापळा लावणं.”

“मुलगी हुशार आहे,” काका म्हणाले. एखाद्या दुखण्याचं नाव घ्यावं तसं.

तिला कल्याणच्या शाळेत शिकवू देईन म्हणणारं ते एकच स्थळ होतं. त्यासाठीच तर ती खाली पाहायला शिकली होती.

“जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या, “पोहे गरम होते. तोंडात घालून बसायचं होतं.”

पुढच्या खेपेला मला भाजी आणायला ठाकुर्लीला पिटाळण्यात आलं. कुसुम दोनावर थांबली, आणि वऱ्हाडातल्या एका बिजवराच्या घरी गेली. तिथे शाळेचं नाव काढायची सोय नव्हती.

काही वर्षांनी दिवाळीला आली. हसण्यातली किणकिण तीच, पण दूरच्या देवळातल्या घंटेसारखी, वारा असेल तरच ऐकू येणारी. करंज्या भरता भरता मी लाडानं विचारलं, “काय गं, सेट म्हणजे?”

“ठेवणं, भावोजी. मावळणं.” आणि तिनं नजर परातीकडे वळवली. मीही गप्प राहिलो. शहाणपण मला नेहमी उशिरा सुचतं.

काळ माणसाला विसरायला लावतो म्हणतात. कधी कधी तो नुसता थांबायला शिकवतो, आणि समोर बसलेलं माणूसही मग आठवणीसारखंच दूर दिसतं.

तिला गाडीत बसवून आम्ही परतलो. कुलूप काढता काढता बायको म्हणाली,

“अहो, विसरली नव्हती ती. वाट बघत होती. या वेळी का नाही बोललात?”