लाकडी नंदीचा दोर

मित्रांनो, मी दोर आहे. सुती, तीन पदरी, चार हात लांब, म्हणजे होतो. आता माझा एक पदर संपला आहे, दुसरा मध्येच तुटला आहे आणि तिसरा तेवढा धड आहे. तरी मला टाकाऊ म्हणू नका. सिंदी रेल्वे नावाच्या गावातल्या एका घरातून निघून मी विमानात बसलो आणि समुद्रापलीकडे दोन महिने राहून आलो. आमच्या गावात एवढा फिरलेला दुसरा दोर असेल तर दाखवा!

मला वळलं नानाजींनी. घरात सगळे त्यांना आबाजी म्हणतात. घरच्या शेतातला कापूस घेऊन, लहानपणी शाळेत शिकलेल्या टकळीवर त्यांनी सूत काढलं आणि मांडीवर पीळ देत मला तयार केलं. एवढा खटाटोप कशासाठी, तर नातीच्या लाकडी नंदीसाठी. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. पोरं चाकांचे लाकडी नंदी सजवून रांगेत उभी राहतात. समोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं. तोरण तुटलं, की सगळी पोरं आपापला नंदी ओढत पळत सुटतात. ती नात, वर्षाली, तेव्हा पाच वर्षांची होती. तिनं मला हाताला तीन वेढे गुंडाळले आणि तोरण तुटताच अशी धावली, की वाटेत नंदीचं एक चाक निखळलं. तिला पत्ताच नाही. तीन चाकांवर त्याला फरफटत ती घरी पोचली.

"पोरी, दोर हाताले गुंडाळू नोको," आबाजी म्हणाले. "मुठीत धर. अन् मागं पाह्यत जाय, बैल येऊन राह्यला का नाई ते."

"लाकडाचा तं हाय, आबाजी. जाते कुठं?"

तिचं म्हणणं खरंच होतं. लाकडी नंदीला कसंही ओढा, तो तक्रार करत नाही. पण तिच्या हाताला तीच सवय लागली. तो हात मुळात स्वस्थ बसणाऱ्यांतला नव्हता. नंदीचं वय सरलं, नंदी माळ्यावर गेला, पण मी तिच्याजवळच राहिलो. अभ्यास करताना ती मला बोटांना गुंडाळायची आणि सोडायची. परीक्षेच्या दिवसांत माझं टोक दातांत असायचं. मला घेरी येईल की काय, असं वाटायचं.

पुढे ती गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे जाऊ लागली. डॉक्टर धनंजय यांचा बंड्या नावाचा लॅब्राडोर होता. त्याला फिरवायचं काम वर्षालीनं आपणहून अंगावर घेतलं, आणि माझी नेमणूक बंड्याच्या गळ्यात झाली. ती त्याला उभं कसं करायचं, चालवायचं कसं, हे मोबाइलवर बघून बघून शिकली. एका हिवाळ्यात डॉक्टरांचा गुडघा सुजला, म्हणून नागपूरच्या डॉग शोमध्ये बंड्याला घेऊन वर्षालीच उतरली. बाकीच्यांच्या हातात चकचकीत पट्टे आणि तिच्या हातात मी! मी शरमेनं अर्धा झालो.

बंड्याला काहीच मिळालं नाही. पण परीक्षक म्हणून थायलंडहून आलेल्या पिम नावाच्या बाई शो संपल्यावर आमच्याकडे आल्या. त्यांनी मला हातात घेतलं, चोळून पाहिलं. मग वर्षालीचा हात उलटा करून माझे वळ पाहिले.

"डोळा चांगला आहे," त्या म्हणाल्या. "हात वाईट आहे. घरच्यांना सांग, सुट्टीत माझ्याकडे शिकायला पाठवा."

घरी पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता. वर्षालीच्या आई, छायाबाई, ऐकायलाच तयार नव्हत्या. "कुत्रे चालवाले परदेशात? अन् एकटी? काऊन, इथं कुत्रे नाईत का?" आबाजी शांतपणे म्हणाले, "बैल धराले मी बी शिकलोच होतो ना कोणाजवळ. जाऊ दे तिले." शेवटी छायाबाईंनी अट घातली. बारावीची परीक्षा झाली की दोन महिने जायचं. त्यातून काही पुढचं ठरलं तर ठीक, नाहीतर परत येऊन कॉलेजचा फॉर्म मुकाट्यानं भरायचा. सतरा वर्षांच्या मुलीसाठी लागणारं संमतीपत्र तयार झालं, जवसाच्या चटणीचे दोन डबे भरले गेले आणि आम्ही निघालो.

त्या प्रवासात तिनं मला किती पिळलं, ते सांगत नाही. नागपूर ते कोलकाता, कोलकाता ते बँकॉक, माझ्या अंगाला एक क्षण विश्रांती नव्हती. विमान हललं की वेढा, कुणी इंग्रजीत काही विचारलं की वेढा. तिला भीती वाटत होती आणि ती कुणाला सांगायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

पिमबाईंचं घर बँकॉकपासून तासाभरावर होतं. तिथे चौदा कुत्रे आणि त्यांची देखभाल करणारी चार माणसं होती. ती माणसं बाईंना आपल्या भाषेत ताई म्हणत, म्हणून वर्षालीही त्यांना पिमताई म्हणू लागली. तिच्या वाट्याला मालि आली. मालि म्हणजे मोगरा. लांब पायांची, पांढरी, पान हललं तरी दचकणारी ही व्हिपेट जातीची कुत्री. एका अस्वस्थ पोरीला दुसरी अस्वस्थ पोर मिळाली आणि मधे मी! वर्षाली मला गुंडाळून ओढायची, की मालि चारही पाय रोवून उभी राहायची. हातातली धडधड माझ्यातून सरळ तिच्या गळ्यात उतरायची. मी ती अडवू शकत नव्हतो.

आठव्या दिवशी पिमताईंनी मला काढून घेतलं आणि माझा पीळ उलगडायला सुरुवात केली. मित्रांनो, आबाजींनी मांडीची सालटं काढून दिलेला पीळ! एक पदर त्यांनी खुंटीला टांगला. दुसरा मालिला रोज फिरवण्यासाठी ठेवला. तिसऱ्यातून एकच धागा ओढून काढला, तो मालिच्या पट्ट्याला बांधला आणि वर्षालीला म्हणाल्या, "हिला यावर चालव."

चौथ्या पावलाला धागा तुटला. "तोरण तुटलं!" म्हणून वर्षाली हसली. त्या दिवशी तोरण एकोणीस वेळा तुटलं. एकोणिसाव्या वेळी ती कुंपणाशी जाऊन रडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा धागा, पुन्हा तोरण. पदर संपत चालला. मी कुठे आहे, खुंटीवर, मालिच्या गळ्यात की कचऱ्याच्या टोपलीत, हे मलाच कळेना.

पण पाचव्या आठवड्यात एक सबंध सकाळ धागा तुटला नाही. वर्षाली चालताना मागे वळून मालिकडे बघायला लागली होती. मूठ सैल होती. माझ्यातून काहीच जात नव्हतं आणि ते किती सुखाचं असतं, ते मला पहिल्यांदा कळलं.

परतायच्या चार दिवस आधी शो होता. पिमताईंनी नवा रेशमी पट्टा पुढे केला, तर वर्षाली म्हणाली, "मी आबाजींच्या दोरावरच नेईन. एका पदरावर."

"आणि तुटला तर?"

"तर मी ओढलं, असं समजा."

पिमताईंनी रेशमी पट्टा परत ठेवून दिला. "ठीक. हात सुधारला असेल तर पुढचं वर्षभर माझी मदतनीस म्हणून ये. ओढलं असशील तर येऊ नकोस. मी तेव्हा दुसरं कुत्रं घेऊन पलीकडच्या रिंगमध्ये असेन, मला दिसणार नाही. तूच सांग."

रिंगमध्ये आम्ही छान धावत होतो. तेवढ्यात शेजारच्या मांडवातला ध्वनिवर्धक मोठ्यानं किंचाळला. मालि उसळली, वर्षाली दचकली. पण मालि पळाली नाही. ती वर्षालीच्या गुडघ्याशी तशीच धावत राहिली आणि दोघी परीक्षकापुढे जाऊन थांबल्या. मालिचे पाय नीट करायला वर्षाली वाकली, तेव्हा तिला दिसलं. माझा अर्धा भाग तिच्या मुठीत होता आणि अर्धा मालिच्या गळ्यात लोंबत होता. मोकळं कुत्रं रिंगमध्ये चालत नाही. परीक्षकांनी दोघींना बाहेर जायला सांगितलं.

"तू ओढलंस?" पिमताईंनी विचारलं.

"माहीत नाही," वर्षाली म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं.

"मग माहीत झालं की कळव."

मित्रांनो, मला माहीत होतं. सबंध परतीच्या प्रवासात मी तिच्या खिशात तळमळत होतो. तिथून इथवर ती माझी दोन टोकं काढून बघायची, पुन्हा ठेवायची, पुन्हा काढायची. मला तोंड असतं तर मी विमानात ओरडलो असतो.

घरी कॉलेजच्या फॉर्मला दोनच दिवस उरले होते. छायाबाईंनी तो टेबलावर काढून ठेवला होता. वर्षाली चप्पल न काढता आबाजींच्या समोर जाऊन बसली आणि तिनं माझी टोकं त्यांच्या तळहातावर ठेवली. "आबाजी, हे कसं तुटलं?"

आबाजींनी चष्मा लावला, ओसरीच्या उजेडाकडे सरकले आणि एकेक धागा वेगळा केला. जन्मभर ज्यांनी दोर वळले, त्यांना दोराचं मरण वाचता येतं. "ओढून तुटलं असतं तं टोकं लांबट, बारीक झाले असते. हे पाह्य, आखूड हायेत, मऊ हायेत. पट्ट्याच्या कडीनं घासून खाल्लं याले. झिजलं हे."

वर्षालीनं श्वास सोडला. पण आबाजींचं बोट एका धाग्यावर थांबलं.

"हा एक मात्र ताणला हाय. दचकली होतीस का?"

"हो," ती हळूच म्हणाली.

"ओढलंस तू. पण एवढंच. लगेच मूठ सोडली, नाई तं सगळेच धागे असे निघाले असते."

अगदी हेच! अगदी हेच मला सांगायचं होतं!

'झिजून तुटला' एवढंच कळवलं असतं तरी कुणी खोटं ठरवलं नसतं. पण वर्षालीनं त्या एका धाग्याचा फोटो काढला आणि फोनवर आवाज भरून पाठवला. "ताई, मी ओढलं. एक धागा. बाकीचे झिजले." मग ती ओसरीत येरझाऱ्या घालू लागली. छायाबाई फॉर्मपाशी बसल्या. मी आबाजींच्या तळहातावर होतो.

तासाभरानं फोन वाजला. पिमताईंचा आवाज होता. "फक्त एक? माझे दोन निघाले असते. ये. आणि आजोबांकडून नवा दोर वळून आण, मालिच्या मापाचा."

वर्षालीनं त्याचा अर्थ सांगितला. छायाबाईंनी फॉर्मची घडी करून डब्यात ठेवली, सूप घेतलं आणि चटणीसाठी जवस निवडायला बसल्या.

आता आबाजी टकळी घेऊन बसलेत. माझा उरलेला धड पदर ते नव्या दोरात मिसळणार आहेत, त्यामुळे मीही पुन्हा जाणार. मित्रांनो, तुमच्या हातात कधी दोर आला तर तो गुंडाळू नका, मुठीत धरा. वापरून झिजवलात तर मला वाईट वाटणार नाही, ते माझं कामच आहे. ओढून मात्र तोडू नका. आणि तुटलाच, तर टोकं फेकून देऊ नका. जरा उजेडात नेऊन बघा, तुमच्या हाताची खरी गोष्ट त्यांनाच माहीत असते.