पाठीमागून सांगितलेलं रान

आमच्या गावात कामाशिवाय चालणाऱ्या माणसाकडे लोक संशयानं बघतात. म्हणून रोज सकाळी मी रिकामी पाटी काखेत मारते. कुणी विचारलं, "कुणीकडं, वैनी?" की म्हणायचं, "सरपणाला." माझ्या पाटीतून आजवर एक काटकी घरी आलेली नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. तरी विचारायचं कुणी सोडत नाही आणि पाटी न्यायचं मी सोडत नाही.

पुढं काठी टेकत हे, मागं मी. आमच्या वयाच्या बायका नवऱ्याच्या बरोबरीनं चालत नाहीत, दोन-चार पावलं मागून चालतात. हे म्हणजे ज्ञानदेव. दौंडला रेल्वेत होते, रूळ आवळून धरणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकत ठोकत उभं आयुष्य चालले. रिटायर होऊन आम्ही भीमेकाठच्या आपल्या गावी आलो, तर यांचे पाय काही केल्या घरात ठरेनात. मग विहारापासून निघायचं, कॅनॉल ओलांडायचा, फॉरेस्टच्या झाडीतून नदीवर जायचं आणि ऊन तापायच्या आत परतायचं, असं सुरू झालं.

मागं दौंडला डोळ्यांचं शिबिर होतं. आतून बाहेर येऊन हे म्हणाले, "चष्म्याचा लंबर वाढलाय." साफ खोटं! दाराला नुसता पडदा होता आणि डॉक्टरचा शब्दन् शब्द मला ऐकू आला होता. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून सांभाळायची. असा राग आला मला. इतकी वर्षं संसार केला आणि बायकोपासून लपवतात? पण एसटीतून उतरताना यांनी पायरी पायानं चाचपली, आणि मी दुसरीकडं बघितल्यासारखं केलं. राग तिथंच विरला.

भीती वेगळीच होती. आमचा सम्राट हडपसरला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, "बाबांना दिसंनासं झालं की तुम्ही दोघं माझ्याकडं." पोरगं मायेचं आहे, म्हणून तर जास्त भीती. या माणसाला मी ओळखते. फ्लॅटात खुर्चीवर बसवला तर वर्षभरात मिटून जाईल. म्हणून यांच्या डोळ्यांचं सम्राटला कळता कामा नये, आणि मला कळलंय हे यांना कळता कामा नये.

मग मी बोलायला लागले.

वाट सांगायची, पण वाट सांगतोय असं वाटू द्यायचं नाही. "अवं, डाव्या अंगाच्या बाभळीला काय शेंगा लागल्यात!" म्हटलं की काटे टाळत हे उजवीकडं सरकतात. "वड्याची वल आजून सुकली न्हाई बघा," म्हटलं की पाऊल जपून पडतं. हे नुसतं "हूं" करतात. मला वाटायचं, किती हुशार मी!

हळूहळू मला त्या बोलण्याची गोडीच लागली. माघातल्या धुक्यात नदीवर काही दिसत नसे. पलीकडचा काठ नाही, पाणी नाही, फक्त पाण्याचा आवाज. मग मी मनानंच भरायची. बगळे बसलेत. खंड्या तारेवर आहे. मोर आलाय, पिसारा ओढत चाललाय करवंदीच्या आडून. मोर कुठला! पण सांगितल्यावर मलाही तो दिसायचा. निळी मान, धुक्यात लांबत गेलेली. हे थांबायचे आणि तिकडं तोंड करून उभे राहायचे. आम्ही दोघं नसलेल्या मोराकडं बघत राहायचो. तरुणपणी यांच्या ड्युटीपायी आम्हाला कधी एका जागी नीट उभं राहायला मिळालं नव्हतं. ती सकाळ संपूच नये असं वाटायचं.

आणि मग एका रविवारी सम्राट आला. न सांगता आला, चहा घेतला आणि म्हणाला, "चला, मी पण येतो फिरायला." नको म्हणावं तरी पंचाईत.

वाटेवर तो नेमका आमच्या दोघांच्या मधे चालायला लागला. मी आपली सुरू झाले, "अवं, कॅनॉलाचा कठडा किती गार पडलाय." विहीर सांगितली, बांध सांगितला. फॉरेस्टमधे शिरल्यावर सम्राट वळून हसला. "आई, किती बोलतेस गं! असली शांतता पुण्यात विकत मिळत नाही. जरा गप चाल की."

आता बोलत राहिले तर त्याला संशय येणार. मी गप्प झाले.

झाडीत धुकं अजून अडकलेलं होतं. थोडा वेळ हे नेहमीसारखे चालले. मग पावलं आखूड झाली. मग काठी आधी आणि पाय मागून. सम्राट मोबाईलला रेंज शोधत होता. वाट वळली आणि त्याच्या खांद्यावरून मला पुढचा खड्डा दिसला. कालपर्यंत तो नव्हता, कुणीतरी मुरूम उकरून नेला होता. मी ओरडणार, तोच हे आपणहून थांबले. मागं न वळता म्हणाले, "सोजर, बोल की. तू गप बसलीस आन् सारं रान इझलं बघ."

म्हणजे यांना ठाऊक होतं. रोज ठाऊक होतं! मला लाज वाटली, रागही आला, आणि त्याहून जास्त आनंद झाला.

सम्राटनं मोबाईल खिशात घातला. "बाबा, तुम्हाला दिसत नाही?"

"म्होरलं वाईच दिसतं. कडंचं न्हाई, पायाखालचं न्हाई."

"आणि आई, तुला माहीत होतं?" मी मान हलवली. त्याचा आवाज चढला. "कमाल आहे तुमची! इथं पडला असता म्हणजे? बास झालं. आजच सामान बांधा."

"येतो की," हे म्हणाले. "तू म्हणशील तर येतो. पर तितं ही काय सांगंल मला? जिना आला, लिफ्ट आली, फरशी आली? हितं मला मोर दिसत्यात, रं."

"मोर?"

"व्हय. कवाकवा नसल्यालं बी सांगती. वरडत न्हाई, पंख वाजत न्हाईत, मंग कळतंच की. पर झ्याक सांगती."

सम्राट माझ्याकडं बघत राहिला. माझी मान वर होईना. मग त्यानं पुढं पाहिलं, आणि खड्डा त्याच्या नजरेला पडला. तो घाईनं म्हणाला, "बाबा, जागचं हलू नका. समोर खड्डा आहे. दोन पावलं उजवीकडं व्हा."

हे हलले नाहीत.

"असं नगं, बाळा. आंधळ्याला सांगत्यात तसं नगं. तुझी आय सांगती तसं सांग."

मी सांगितलं असतं, पण आता पाळी त्याची होती. सम्राट तसाच उभा राहिला. लहानपणी पोहायला शिकताना तो नदीच्या काठावर असाच उभा राहायचा. मग तो मागं सरला, अगदी माझ्याजवळ येऊन यांच्या पाठीमागं उभा राहिला.

"बाबा," तो म्हणाला, "उजव्या अंगाला करंजाच्या पानांचा नुसता सडा पडलाय बघा. पार नदीपातूर."

हे उजवीकडं सरकले. पायाखाली पानं वाजली.

"आन् म्होरं?" यांनी विचारलं.