तात्याबांचे तीन शिक्के

मित्रांनो, शिरूरच्या सरकारी गोदामात फाटक्या ताडपत्रीखाली दबलेली ही गंजकी पेटी म्हणजे मी. एके काळची मतपेटी. अंग पत्र्याचं, डोक्यावर एक बारीक फट. त्या फटीतून दिल्लीचं सरकार ठरलं, मुंबईचं ठरलं आणि गावची पंचायतही ठरली. माझ्यापुढे बागायतदार आणि मजूर सारखेच; प्रत्येकाला एकच कागद. मतदानाच्या सकाळी बायका मला हळदकुंकू वाहायच्या, तेव्हा मी फुलून जायची.

१९९७ साली मला मांडवगणच्या बाजूच्या एका गावातल्या शाळेत मतदानासाठी नेलं. तिथं धनगरवाडीच्या सखूबाई पंचायतीला उभ्या होत्या. वाडीत पाणी नव्हतं, बायका दोन मैलांवरून हंडे आणायच्या. सखूबाईंना वाडीत हातपंप हवा होता. त्यांची निशाणी कपबशी. बागायतदार पोपटरावांच्या पत्नी सरूबाईंची छत्री आणि तुळजाबाईंची शिट्टी.

सखूबाईंचे सासरे तात्याबा मेंढपाळ. त्यांची मेंढरं खतासाठी सगळ्यांच्या रानात बसायची, म्हणून त्या दोन्ही घरांशीही त्यांचा घरोबा. त्यांनी मत दिलं आणि मला हात जोडले.

मोजणी शिरूरला झाली. सुनेबरोबर तात्याबाही आले होते. मोजणीच्या साहेबांनी एक कागद उलगडला आणि ते म्हणाले, "हे मत बाद."

तात्याबा चटकन पुढे झाले. "बाद? आवो सायेब, ते माझं हाय. तीन ठिकाणी शिक्का उमटलाय, दिसत न्हाई व्हय?"

"आबा, एकावरच मारायचा असतो."

"आन् बाकीच्यांना कसं दुखवायचं? पोपटरावाच्या रानात मेंढरं बसत्यात, तुळजाबाईच्या बी बसत्यात."

सगळे हसले. सखूबाई मात्र हसल्या नाहीत. मोजणी संपली तेव्हा कपबशीला एकशे बारा मतं होती आणि छत्रीलाही एकशे बाराच. साहेबांनी डब्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या आणि एक उचलली. छत्री निघाली.

"मामंजी," सखूबाई म्हणाल्या, "तुम्ही समद्यांना राम राम घातला आन् मला हंडा घ्यायला लावला!"

तात्याबा खाली बसले. साहेब त्यांच्याजवळ येऊन हळू आवाजात बोलले, "आबा, राजाच्या काळात ठरवायचं काम राजाचं होतं. आता या देशात लोकांपेक्षा मोठा कुणी नाही, म्हणून ते काम तुमचं. तुम्ही ठरवलं नाहीत, म्हणून चिठ्ठीनं ठरवलं."

त्या दिवशी माझाही अभिमान उतरला. जमीन, माणसं, कारभार आणि कुणा परक्याचा हुकूम न मानणं, एवढ्यावर राज्य उभं राहतं, हे मी शाळांच्या भिंतीआडून पुष्कळदा ऐकलं होतं. पण ते सगळं एका म्हाताऱ्याच्या हातातल्या शिक्क्यावर येऊन टेकतं, हे मला तेव्हा कळलं.

पाच वर्षांनी मी पुन्हा त्याच शाळेत होते. तात्याबा मेंढरं दौंडकडे सोडून पहाटेच निघून आले होते. आडोशामागे त्यांना इतका वेळ लागला की शिपाई ओरडला, "आबा, झोप लागली काय?"

"थांब की! पाच वर्सं लागली, आणखी घटकाभर लागंल."

त्या खेपेला सखूबाई निवडून आल्या. वाडीत हातपंप बसला.

पुढे मतदानाची यंत्रं आली आणि मी इथं पडले. मित्रांनो, माझा गंज खरवडला नाहीत तरी चालेल. पण ठरवायची पाळी आली की ती दुसऱ्यावर ढकलू नका, भिडेपोटी वाटूनही टाकू नका. तात्याबांच्या दुसऱ्या कागदावर एकच शिक्का होता. कोणत्या निशाणीवर, ते मात्र मी सांगणार नाही. तेवढ्यासाठीच तर मला झाकण दिलं होतं.