सेटने खाल्लेला शब्द

मधुकररावांना वॉकीटॉकी निवडायच्या कमिटीत घेतलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद झाला तो प्रेमिलाबाईंना. नवऱ्याच्या निवृत्तीला सात महिने उरलेले, आणि कंपनीला आत्ता कुठे आपल्या माणसाची किंमत कळली, असं त्या नागपूरच्या सक्करदऱ्यात, घराजवळ, भेटेल त्याला सांगत सुटल्या. खुद्द मधुकरराव मात्र त्या दिवसापासून ताटावर बसले की भातात नुसती बोटं फिरवायचे आणि उठून जायचे. ही कमिटी ज्या गोष्टीवर उभी होती ती गोष्ट खोटी होती. आणि ती सांगणारे तेच होते.

मधुकरराव कामाला होते त्या, नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या कापड गिरणीत स्टेंटर नावाची मशीन आहे. ओलं कापड ताणून वाळवायची. लांबी चाळीस मीटर. एका टोकाला बटणांचं पॅनल, दुसऱ्या टोकाला कापड बाहेर पडतं, आणि या टोकाच्या माणसाला त्या टोकाचा माणूस दिसत नाही. आजूबाजूच्या मशीनींच्या आवाजात ओरडून काही उपयोग नाही. म्हणून दोघांच्या हातात वॉकीटॉकी. तिला तिथे सगळे सेट म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी या मशीनच्या मध्यावर कापड रोलरला गुंडाळलं गेलं. पॅनलवर मधुकरराव होते, त्यांनी मशीन बंद केली. त्या टोकाला नत्थू होता, भिवापूरकडचा, वीस वर्षं बरोबर काम केलेला सोबती. "पाहून सांगतो, भाऊ," असं तो सेटवर म्हणाला. पाच-सात मिनिटं गेली. सेटवर पुन्हा आवाज आला, आणि मधुकररावांनी हिरवं बटण दाबलं. नत्थू तेव्हा आत होता. त्याला बाहेर काढायला एक तास लागला, आणि त्या तासाबद्दल गिरणीत कोणी बोलत नाही.

चौकशी बसली. तोवर बुटीबोरीत एक भानगड सगळ्यांच्याच ओळखीची झाली होती. सेट उघडे, कोणाचंही बोलणं कोणाच्याही सेटवर. आपल्या सेटवर शेजारच्या कारखान्याचा ट्रक मागे घेतला जायचा, कोणी चहा मागवायचा, कोणी मुकादमाला शिव्या घालायचा. तेव्हा चौकशीतल्या एका भल्या माणसाने मधुकररावांना विचारलं, "आवाज बाहेरचा होता का?" त्यांनी होकारार्थी मान हलवली. "काय म्हणाला तो?" "चालू कर," मधुकरराव म्हणाले.

रिपोर्टात दोन वाक्यं उमटली. परक्या आवाजामुळे मशीन सुरू झाली, हे पहिलं. मृत कामगाराने आत जाण्याआधी सेटवर सूचना दिली नव्हती, हे दुसरं. पहिल्या वाक्याने मधुकरराव सुटले. दुसरं नत्थूच्या माथी बसलं, आणि त्याला तर उलटून बोलायची सोय नव्हती.

तेव्हापासून दर चार मार्चला, सेफ्टी डेच्या भाषणात, कोणीतरी साहेब घसा खाकरून सांगायचा, "नत्थूसारखी चूक करू नका. आधी सेटवर सांगा, मगच आत जा." मागच्या रांगेत नत्थूची बायको कौशल्या पदर घट्ट ओढून बसलेली असायची. कंपनीने तिला स्टोअरमध्ये कामाला घेतलं होतं. सेट चार्ज करायचे, शिफ्टला वाटायचे, परत घ्यायचे. रोज सकाळी ती मधुकररावांच्या हातात त्यांचा सेट द्यायची. "घ्या भाऊ, फुल चार्ज आहे." दोन वर्षं रोज. माणसाने दोन वर्षं असा सेट हातात कसा घेतला, असं कोणी विचारेल. घेतला. माणूस बरंच काही घेऊ शकतो.

मधुकररावांनी खरं काय ऐकलं होतं, ते त्यांच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. आवाज परका नव्हता, नत्थूचाच होता. आणि शब्दही "चालू कर" नव्हते. "चालू करू" होते. एक उकार तेवढा त्यांनी चौकशीत गिळला. मनाची समजूत त्यांनी अशी घातली होती की नत्थूच म्हणाला ना, चालू करू या म्हणून? चुकला बिचारा. मेलेल्या माणसाची चूक आपण परक्याच्या गळ्यात घातली, म्हणजे एका परीने त्याला सांभाळलंच. या समजुतीवर ते रात्री झोपत होते.

तर आता ही कमिटी. सिक्युरिटीचे मुख्य विक्रम हे तिचे अध्यक्ष. पस्तिशीचे, कामाला पक्के, नत्थूचं प्रकरण त्यांनी फक्त कागदावर वाचलेलं. बाहेरचा आवाज पुन्हा आपल्या सेटवर येताच कामा नये, हा त्यांनी ध्यासच घेतला होता. चार महिने माहिती काढून त्यांनी एक पूर्ण कुलूपबंद सिस्टिम पसंत केली होती. आपलं बोलणं बाहेर जाणार नाही, बाहेरचं आत येणार नाही. सेफ्टी डेला चार दिवस उरले होते आणि त्याच दिवशी घोषणा करायची होती. कागदावर फक्त मधुकररावांची सही बाकी होती, कारण रोज सेट वापरणारा कमिटीत तेवढा एकच.

"सही करण्याआधी एकदा मशीनवर पाहू," मधुकरराव म्हणाले. का म्हणाले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला स्टेंटर धुण्यासाठी बंद होती. सेट विकणाऱ्या कंपनीची सुरुची नावाची मुलगी पेटी घेऊन आली. नवे सेट पुढे सांभाळायचे म्हणून कौशल्यालाही बोलावलं होतं. तिला एक सेट देऊन विक्रमने त्या टोकाला पाठवलं आणि मधुकररावांना पॅनलजवळ उभं केलं.

"काय बोलू जी?" जाता जाता तिने विचारलं.

"काहीही बोला काकू. मशीन चालू करू नका, असं सांगा समजा. घाईत सांगतो ना आपण, तसं."

कौशल्या गेली. मधुकरराव सेट कानाजवळ धरून उभे राहिले. समोर हिरवं बटण होतं. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

सेट बोलला. आवाज इतका स्वच्छ, की ती बाजूला उभी राहून बोलतेय असं वाटावं.

"चालू करू."

विक्रमचं लक्ष शब्दांकडे नव्हतं, आवाजाकडे होतं; त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "काय क्लिअर आहे बघा काका! एक खरखर नाही."

मधुकररावांनी पॅनलला हात टेकला. ही बाई काय बोलली असेल ते त्यांना बोलल्याबरोबर कळलं होतं. भिवापूरकडची माणसं 'करू नका' म्हणतच नाहीत. त्यांचा नकार आधी येतो. नोको जाऊ. नोको सांगू. नोको चालू करू. नत्थू आयुष्यभर तसंच बोलला. आणि घाईतला माणूस बटण दाबतो आणि त्याच दमात बोलतो, तेव्हा सेट पहिला शब्द खातो. जुने सेटही खायचे. सगळ्यांना माहीत होतं, त्यावर विनोद व्हायचे. अर्धवट ऐकू आलं की पुन्हा विचारायचं, एवढी साधी रीत. त्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं नव्हतं.

नत्थू चुकला नव्हता. त्याने सांगितलं होतं.

"हा सेट शब्द खातो," मधुकरराव म्हणाले.

सुरुची प्रामाणिक होती. "हो सर. पूर्ण लॉक आहे ना, बटण दाबल्यावर उघडायला क्षणभर लागतो. टिक असा आवाज येतो, त्यानंतर बोलायचं. पेटीत दुसरा प्रकार आहे, त्याचं लॉक साधं आहे पण तो लगेच उघडतो."

"साधं लॉक नको," विक्रम म्हणाले. "टिकचं ट्रेनिंग देऊ सगळ्यांना. काका, एखादा शब्द गेला तर पुन्हा बोलता येतं. आपला मुद्दा बाहेरचा आवाज आहे. नत्थू त्यानेच गेला ना?"

इथे गप्प बसायची वाट अजून मोकळी होती. सही करावी, सात महिने काढावेत, घरी जावं. नाहीतर शब्द खातो, शब्द खातो असं नुसतं घोळत राहावं आणि विक्रमने ते ट्रेनिंगवर ढकलावं. मग उद्या दुसरा कोणी भिवापूरचा, उमरेडचा पोरगा आत शिरून घाईघाईने 'नोको' म्हणेल, आणि या टोकाला दुसरा कोणी मधुकर हिरवं बटण दाबेल. मधुकररावांना ते दिसलं. कौशल्या मशीनच्या कडेकडेने परत येत होती, तिलाही त्यांनी पाहिलं. ती पोचेपर्यंत थांबावं की आधीच बोलून टाकावं? भित्र्या माणसाने आधीच बोलून टाकलं असतं. ते थांबले.

ती जवळ आली तसं त्यांनी विचारलं, "वहिनी, तुमी काय बोलल्या?"

"सायबांनी सांगतलं तेच. नोको चालू करू."

"आमाले इथं 'चालू करू' आयकू आलं."

ती हसली. "खाल्लं वाटते यानं. नवा असून जुन्याचीच सवय."

"त्या दिवशीही मले 'चालू करू'च आयकू आलं होतं," मधुकरराव म्हणाले. "आवाज बाहेरचा नवता. नत्थूचा होता. मी चौकशीत खोटं बोललो."

विक्रमच्या हातातला कागद हातातच राहिला. सुरुचीला यातलं काहीच माहीत नव्हतं, तरी ती दोन पावलं मागे सरकली.

कौशल्याला समजायला वेळ लागला. तिने मशीनकडे पाहिलं, हातातल्या सेटकडे पाहिलं.

"म्हंजे ते बोलले होते?"

"हो."

"नोको म्हनले होते?"

"म्हनलाच असन, वहिनी. तो दुसरं कसं बोलते? ते सेटनं खाल्लं. अन् मी फिरून इचारलं नाई."

ती जमिनीवर बसली. रडली नाही. बराच वेळ ती सेटचं बटण अंगठ्याने दाबत आणि सोडत राहिली, आणि प्रत्येक वेळी टिक होत राहिलं.

"दोन वर्सं मी त्याइच्या फोटोले बोल लावून राहिली," ती म्हणाली. "रोज. दिवा लावतानी. म्हनो, एक शब्द बोलाले काय झालं होतं तुमच्या तोंडाले? घरी इतकी बडबड करा, तिथं काहून मुके झाले? पोरीले सांगतलं म्या, तुह्या बापाची चूक होती. तिनं शाळेत निबंधात लिवलं तसं, सेफ्टीवर." तिने वर पाहिलं. "अन् बाहेरच्या आवाजाचं. बसस्टॉपवर शेजारच्या कंपनीची मानसं उभी राहत, तर मी एकेकाचा आवाज आयको. हा असन का, तो असन का. अन् तुमाले रोज सेट देऊन राहिली होती मी, भाऊ."

मधुकररावांनी हात जोडले. "वहिनी, मले माफ..."

"माफी नोको मागू," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मले सध्या ते नाई जमत. तुमी कागदावर लिवा. जिथं त्याइचं नाव खराब केलं तिथंच लिवा."

विक्रम मधुकररावांजवळ येऊन म्हणाले, "काका, याचा परिणाम तुम्हाला माहीत आहे. चौकशी पुन्हा उघडेल."

"उघडू द्या."

कमिटीच्या कागदावर शेवटी 'वापरकर्त्याचा शेरा' असा एक चौकोन होता. लोक तिथे 'समाधानकारक' लिहितात. मधुकररावांनी पॅनलवर कागद ठेवून लिहायला घेतलं. लगेच उघडणारा सेट घ्यावा. 'चालू' हा शब्द सेटवर फक्त मशीन चालू करायलाच उच्चारावा, अडवायचं असेल तर तीनदा 'थांब' म्हणावं. समोरच्याने ऐकलेलं पूर्ण परत बोलून दाखवल्याशिवाय बटणाला हात लावू नये. मग पेन थांबलं. विक्रमने चौकोनाशेजारी एक कोरा कागद ठेवला.

त्यावर त्यांनी तारीख घातली, स्वतःचं नाव घातलं, आणि त्या सकाळचं सगळं लिहिलं. अक्षर वाकडं येत होतं. लिहून झाल्यावर कागद त्यांनी कौशल्याकडे दिला. ती सातवी शिकलेली, ओठ हलवत सावकाश वाचत गेली. खालच्या एका ओळीवर थांबली. तिथे लिहिलं होतं, 'नत्थूने मशीन चालू करू नको अशी सूचना सेटवर दिली होती.'

"हे असं नाई," ती म्हणाली.

"काय चुकलं?"

"ते असं बोलत नवते. हे तुमच्या सायबाचं बोलनं झालं. 'नको' मांगं असतं तर आयकू नसतं आलं का तुमाले?" तिने कागद परत त्यांच्यापुढे सरकवला. "ते बोलले तसं लिवा. नोको पयले."

मधुकररावांनी ती ओळ खोडली आणि खाली नवी लिहिली. सगळ्यात आधी 'नोको' लिहिलं, त्यावर पेन दोनदा फिरवलं, आणि मग पुढचे शब्द लिहिले.